पाद्रीच्या खुर्चीवरून दिसलेली वाट

लेन बेडोजला गावाने बोलताना ऐकलं, ते तो साठी ओलांडल्यावर.

त्याआधी तो दुधाचा टँकर चालवायचा. अंधार असतानाच निघायचं, शेताशेतांवरून दूध भरून घ्यायचं आणि होपब्रुक गाव जागं होऊन चहात दूध ओतेपर्यंत घरी परतायचं. या कामात बोलायला माणूस भेटत नाही. गाई भेटतात, पण त्यांना रवंथातून सवड नसते. त्याची बायको ग्लेनिस सांगायची की लग्नाचं विचारतानासुद्धा याने वाक्य अर्धं म्हणून सोडून दिलं. उरलेलं मी म्हटलं, ती म्हणायची, नाहीतर आम्ही अजून त्या बसथांब्यावरच उभे असतो.

मी या गावात आलो तो रंगभूमीवरची कामं संपल्यावर, बायकोच्या माहेरी राहायला. उंच, जरासा वाकलेला, मोठ्या पंजांचा लेन मला पहिली काही वर्षं फक्त मान हलवून भेटला. मला वाटायचं, या माणसाला संवाद लिहून द्यायचेच कुणीतरी विसरलं.

मग ओढ्याकाठच्या राखीव कुरणाचा जुना रखवालदार गुडघ्यांनी थकला. बिनपगारी कामाला दुसरं कुणी पुढे येईना, म्हणून जिल्ह्याच्या निसर्गसंस्थेने रखवालदाराचं हिरवं जॅकेट लेनला दिलं. त्या कुरणातलं गवत उन्हाळा सरत येईपर्यंत कापत नाहीत, कारण त्यात कर्ल्यू घरटं करतो. मातकट रंगाचा, कोंबडीएवढा, लांबलचक खाली वाकलेल्या चोचीचा पक्षी. रूप बेताचं. पण हाक अशी की खालच्या सुरात बुडबुड्यांसारखी सुरू होते, चढत जाते आणि वर जाऊन थरथरत राहते. पूर्वी म्हणे दर कुरणात एक जोडी असायची. आता आमचं कुरण सोडलं तर आसपास कुठे ती हाक ऐकू येत नव्हती.

कुरणाच्या वर टेकडी आहे आणि टेकडीच्या माथ्यावर पाद्रीची खुर्ची. पाठ, दोन हात आणि बसायला सपाट जागा असलेला तो खडक. मे-जूनच्या रविवारी गावातली मंडळी ओढ्यापासून फेरीला निघून तिथवर चढतात. वर पोचल्यावर वाट दाखवणारा माणूस खुर्चीसमोर उभा राहून चार शब्द बोलतो, त्याला प्रवचन म्हणतात. हातातलं सँडविच संपायच्या आत प्रवचन संपलं पाहिजे, एवढाच नियम. जुना रखवालदार दोन वाक्यांत मोकळा व्हायचा. हे गवत, ते पक्षी, चला खाली चहाला.

लेन पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा ग्लेनिसने धास्तीने माझा हात धरला. आणि हा माणूस बोलायला लागला. जाड, न चढवलेला आवाज, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा. तसा आवाज मिळवायला आमच्यातल्या कित्येकांनी वर्षानुवर्षं घसा झिजवला. टँकरच्या केबिनमध्ये एकटाच बोलत असणार तो इतकी वर्षं, दुसरं काय? कर्ल्यू कसा साद घालतो ते सांगताना तो मधेच थांबला, आणि नेमकी त्या थांबण्यात खालच्या कुरणातून खरी हाक आली. नशीबच ते. पण नटाचं निम्मं आयुष्य असल्या नशिबावर चालतं. मंडळींनी सँडविचं हातात तशीच धरून ठेवली आणि मग टाळ्या वाजवल्या. लेनचे कान लाल झाले.

पहिली टाळी पडल्यावर माणसाचं काय होतं ते मला ठाऊक आहे. तो पूर्वीचा राहत नाही. लेन रविवारची वाट पाहायला लागला. दाढी नीट करायला लागला. ग्लेनिस म्हणाली, आमच्या घरात आता जेवतानाही प्रवचन असतं, फक्त सँडविचऐवजी उकडलेला कोबी.

त्याच्या प्रवचनात एक गोष्ट दरवेळी यायची. घरटं कुठे आहे ते कुणाला सांगायचं नाही. कामासाठी कधी जवळून जावंच लागलं, तर तिथे थांबायचं नाही आणि मागे वळायचं नाही. तसंच सरळ पुढे चालत पलीकडच्या फाटकातून बाहेर पडायचं. उंच गवतात माणसाची वाट उमटते, आणि ती जिथे संपते तिथे काहीतरी आहे, हे कावळ्याला आणि कोल्ह्याला बरोबर कळतं. गावातली पोरंसुद्धा हे तोंडपाठ म्हणून दाखवायची, लेनसारखा घसा खाकरून.

आता लॉरेन किट्सन. ती वुल्व्हरहॅम्प्टन शहरातून आमच्याकडे आली, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. बरोबर बिशप नावाचा कुत्रा, राखाडी, लांब पायांचा, नेहमी उपाशी दिसणारा. त्याचं नाव ऐकून आमच्या चर्चच्या पाद्रीबाईही हसायच्या. चर्चच्या जत्रेत त्याने शेगडीवरचे सॉसेज पळवले होते. गावाने ती गोष्ट हसत हसत सांगितली, पण विसरली नाही. लॉरेन मोठ्याने बोलते, मोठ्याने हसते, आणि कुणी 'कशी आहेस' विचारलं तर खरोखर कशी आहे ते सांगत बसते. होपब्रुकला हे जड जातं. इथे 'कशी आहेस'चं उत्तर 'बरी' एवढंच असतं, पाय मोडला असला तरी.

त्या वर्षी मे महिन्यात कुरणाच्या मधोमध एक जोडी अंड्यांवर बसली. संस्थेकडे विजेच्या तारेचं एकच कुंपण होतं, घरट्याभोवती लावायला. ते जिल्ह्यातल्या कुठल्या कुरणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या बाई रविवारच्या फेरीला यायच्या होत्या. शनिवारी लेन तीन पायांची मोठी दुर्बीण घेऊन खुर्चीपाशी चढला, नीट रोखून पाहिलं, आणि त्याच्या ध्यानात आलं की रुंद पानांचं एक रानझुडूप नेमकं मधे येतंय. पक्षी दिसतच नव्हता.

नेपथ्यातला खांब मधे आला की पहिल्या रांगेतला प्रेक्षक मान वाकडी करतो, हे आम्हा नाटकवाल्यांना आवडत नाही. आम्ही खांब हलवतो. लेननेही तेच केलं. रविवारी फटफटताना तो ग्लेनिसची शिवणाची कात्री घेऊन निघाला, स्वतःच्या परसामागे कुंपण ओलांडायला असलेल्या लाकडी पायरीवरून कुरणात उतरला, दवातून सरळ चालत गेला आणि झुडूप कापून टाकलं. पुढे चालत पलीकडून बाहेर पडायचं हे त्याच्या मनात पक्कं होतं. पण पक्षी त्याच्या पायाशीच उठला आणि डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागला.

"मला वाटलं, सगळं गाव खिडकीत येईल," हे त्याने मला पुढे सांगितलं. "चोरासारखं वाटलं. मग चोर करतो तेच केलं. आल्या वाटेने पळालो."

त्या सकाळी फेरीला चांगली गर्दी होती. संस्थेच्या बाई साध्या, हसऱ्या, चिखलाची सवय असलेल्या निघाल्या. लेन रंगात होता. वाटेत त्याने त्यांना बिज्जूच्या बिळापासून वठलेल्या ओकच्या झाडापर्यंत सगळं दाखवलं, आणि प्रत्येक गोष्ट दाखवताना तो जरा बाजूला व्हायचा, यजमानासारखा. मागून ऑल्वेन प्रीस टोपली घेऊन येत होती. ऑल्वेन म्हणजे गावच्या सभागृहाची किल्ली, चहाची किटली आणि शेवटचा शब्द, तिन्ही जिच्या हातात असतं ती बाई.

खुर्चीपाशी पोचल्यावर लेनने दुर्बीण लावली. प्रवचन सुरू केलं, पण हात दुर्बिणीवरच. वाक्य संपवून त्याने बाईंना पुढे यायची खूण केली. पडदा उघडणाऱ्या माणसाची खूण होती ती.

बाई वाकल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मिस्टर बेडोज, मला कावळा दिसतोय."

"बाजूला बघा, जरा डावीकडे."

"नाही, तिथेच. काहीतरी खातोय तो."

लेनने दुर्बिणीला डोळा लावला आणि लगेच काढला. मग त्याने मान वर करून नुसत्या डोळ्यांनी खाली पाहिलं, आणि त्याच्याबरोबर आम्हीही पाहिलं.

टेकडीच्या सावलीमुळे त्या कुरणावरचं दव उशिरा उडतं. सगळं कुरण चांदीसारखं पांढुरकं होतं आणि त्यातून एक हिरवीगर्द रेघ गेली होती. आखल्यासारखी सरळ. लेनच्या परसामागच्या पायरीपासून निघाली होती आणि कुरणाच्या मधोमध, कावळा उभा होता तिथे, संपली होती.

 आम्ही सगळ्यांनी एकदम आभाळाकडे पाहिलं.

"दुपारनंतर पाऊस येईलसं वाटतंय," ऑल्वेन म्हणाली. आणि जणू पावसाचाच पुढचा भाग असावा तशी म्हणाली, "सकाळी लॉरेनचा बिशप मोकळा फिरताना पाहिला मी. ओलाचिंब होता."

"अरेरे, कुत्री," संस्थेच्या बाई म्हणाल्या.

ऑल्वेनच्या मनात वाकडं काही नव्हतं. तिला फक्त लेनला झाकायचं होतं, आणि हाताशी आलं ते पांघरूण तिने टाकलं. ते दुसऱ्या कुणाच्या अंगावरून ओढलंय, याचा विचार तिने केला नाही. लेनने तोंड उघडलं. मिटलं. मग त्याची मान हलली, खाली आणि वर. हळूच, जेमतेम. पण मी आयुष्यभर नटांच्या माना पाहत आलोय. तो होकार होता.

कुंपण दुसऱ्या कुरणाला गेलं. लेनच्या परसामागच्या पायरीवर ऑल्वेनने स्वतः रंगवलेली पाटी लागली, कुत्र्यांना मनाई. लॉरेनचं नाव कुणी घेतलं नाही. आमच्याकडे तसं करत नाहीत. फक्त ती दुकानात शिरली की रांगेतल्या बोलण्याला खंड पडायचा. जूनच्या जत्रेत तिला बेकरीच्या विक्रीच्या टेबलामागे उभं राहायला सांगितलं होतं, ते टेबल आधीच भरलंय असा निरोप आला. तिने एकदा दुकानदाराला सरळ विचारलं, मी काय केलंय? तो म्हणाला, छे छे, काही नाही, लॉरेन, आज हवा किती छान आहे. नंतर तीच मला म्हणाली, कुणी तोंडावर शिवी दिली असती ना, तर मी त्याला मिठी मारली असती.

आणि लेन? लेनला लाजेने अन्न जाईना. त्याला सांगून टाकायचं होतं. पण गाव त्याला सांगू देईना.

आधी तो ऑल्वेनकडे गेला, टोपी हातात घेऊन. "ऑल्वेन, त्या रविवारचं जरा..." असं म्हणेपर्यंत तिने त्याच्यापुढे लिंबाचा केक ठेवला, तुझ्यासाठीच काढून ठेवला होता म्हणाली. त्याने केक खाल्ला. पबमध्ये सुरुवात केली, तर शेजारच्याने त्याच्यासाठी बिअर मागवली आणि क्रिकेटचं काढलं. पाद्रीबाईंकडे गेला, तर त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, निसर्ग कधी कधी फार क्रूर असतो, लेन. जो तो त्याच्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं बोलायचा. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी त्याला आधीच क्षमा केली होती, त्याने मागायच्या आत. ती क्षमा त्याला गिळता येईना, थुंकता येईना.

ग्लेनिसलाही ठाऊक होतं. कात्रीला झुडपाचा चीक लागला होता. तिने ती धुतली, पुसली आणि शिवणाच्या डब्यात ठेवून दिली. एक शब्द बोलली नाही. "ती ओरडली असती तर बरं झालं असतं," लेन म्हणाला. "रोज रात्री ती काहीतरी शिवत बसते आणि मी त्या कात्रीकडे बघत बसतो."

हे तो माझ्या अंगणात बसून सांगत होता. मी ऐकून घेतलं, कदाचित मी इथला जन्मलेला नाही म्हणूनच त्याला माझ्यापुढे बोलता आलं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "आता तू तरी मला काहीतरी बोल."

मी म्हटलं, "लेन, भाषण चांगलं आहे, पण समोर चुकीचा माणूस बसलाय. हे ज्याच्यासाठी आहे त्याच्यापुढे जाऊन म्हण."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो लॉरेनकडे गेला. पुढचं मला तिनेच सांगितलं, आणि लेनने त्यातला एक शब्दही नाकारला नाही.

दारात उभा राहून तो बूट काढायला लागला. ती म्हणाली, राहू दे, इथे बघायला कोण येतंय. बिशपने त्याचा हात चाटला, त्याने तो अधिकच खचला. स्वयंपाकघरात आल्यावर त्याने बसायलाही नकार दिला.

"लॉरेन, बिशप कुरणात गेला नव्हता."

"मला माहितीये."

"मी गेलो होतो."

"तेही माहितीये. पोस्टातल्या बाईने सांगितलं. वर म्हणाली, लेनला काही बोलू नकोस हं, बिचाऱ्याच्या मनाला फार लागलंय."

खिडकीत अंडं ठेवायची छोटी वाटी होती, चिनी मातीची, आणि तिच्यात एक कवच. शेवाळी रंगाचं, तपकिरी ठिपक्यांचं. तिने ती वाटी त्याच्यापुढे टेबलावर ठेवली.

"ओढ्याकाठी झाडाखाली सापडलं. त्याच आठवड्यात. हे भोक बघ. आतून नाही, बाहेरून पाडलंय. कुत्र्याला चोच असते का, लेन?"

"नसते."

"ऑल्वेनला हे कळत नाही? तुला त्या रविवारी कळलं नाही?"

लेन म्हणाला, कळलं होतं. म्हणाला, मला माफ कर. आणि तेव्हा लॉरेन, जी सगळं मोठ्याने बोलते, अगदी हळू बोलली.

"तुला लागलंय. दिसतंय मला, खोटं नाहीये ते. पण तुझ्या लागण्याला गावभर केक मिळतोय, आणि शाळेत जेवणाच्या रांगेत पोरं माझ्याकडे बघून भुंकतात. मी त्यांना बटाटे वाढते आणि हसते. इथे मला एकटीला सांगून काय होणार? तुमच्या गावात एकटीला सांगितलेलं धरत नाहीत."

"मग काय करू?"

"रविवारी खुर्चीपाशी बोल. प्रवचन नको. आणि वर जाताना बिशपची दोरी तू धर."

जूनमधली शेवटची फेरी होती ती. लेन आला तो अंगात हिरवं जॅकेट न घालता, घडी करून काखेत घेऊन. दुसऱ्या हातात बिशपची दोरी. मागे लॉरेन, शेजारी ग्लेनिस. ऑल्वेन त्या पाटीपाशी उभी होती. तिने तोंड उघडलं, दोरी कुणाच्या हातात आहे ते पाहिलं आणि टोपली या हातातून त्या हातात घेतली.  चढताना बिशप मजेत होता, दर झुडपापाशी थांबत होता आणि लेन त्याच्यासाठी थांबत होता.

वर पोचल्यावर मंडळींनी सवयीने सँडविचं काढली. लेन खुर्चीसमोर उभा राहिला नाही. बाजूला, उतारावर उभा राहिला, त्यामुळे तो आमच्यापेक्षा ठेंगणा दिसत होता. मी त्याच्या आवाजाची वाट पाहत होतो, पण तो आवाज त्या दिवशी आलाच नाही. टँकरवाल्या दिवसांतला लेन बोलत होता, अर्धं वाक्य म्हणून सोडून देणारा. फरक एवढाच की पुढचं अर्धं तो स्वतःच पुन्हा उचलत होता.

"ती वाट," तो म्हणाला. "गवतातली. ती माझी होती. झुडूप मी कापलं."

"लेन, असू दे रे आता," ऑल्वेन म्हणाली. "चहा गार होतोय."

"ऑल्वेन, मला संपवू दे." तो तिच्याकडे न बघता बोलला. "कुंपण मिळावं म्हणून कापलं असं म्हणू शकलो असतो. तसं नाहीये. बाईंना पक्षी दिसावा आणि तुम्ही टाळ्या द्याव्यात म्हणून कापलं. थांबू नका, वळू नका, हे मीच सांगत होतो इतकी वर्षं. थांबलो. वळलो. आणि कुत्र्याचं नाव निघालं तेव्हा मी मान हलवली. लॉरेन, ती मान..." इथे त्याचं वाक्य सुटलं. त्याने ते पुन्हा धरलं. "सगळ्यात वाईट ते होतं. अंड्यांपेक्षाही."

 मग मागून कुणीतरी, अगदी मायेने, म्हणालं, "आम्हाला ठाऊकच होतं, लेन."

"हो ना," लॉरेन म्हणाली. "ठाऊक होतं सगळ्यांना."

एवढंच म्हणाली ती. आवाजही चढवला नाही. पण त्या वाक्याने लेनवरचा झोत सरकला आणि आम्हा सगळ्यांवर येऊन थांबला. रंगमंचावर मी बऱ्याचदा शब्द विसरलोय, अंगरख्याची बटणं उघडी ठेवून राजदरबारात शिरलोय, पण त्या टेकडीवर वाटली तेवढी लाज मला प्रेक्षकांपुढे कधी वाटली नाही. त्या दिवशी मात्र कुणी आभाळाकडे पाहिलं नाही. जो तो आपल्या बुटांकडे पाहत होता. ऑल्वेनचा चेहरा गळ्यापासून कपाळापर्यंत लाल होत गेला. काहीतरी म्हणावं म्हणून ती लॉरेनकडे वळली आणि तिच्या हातातल्या सॉसेज रोलचं तिला भानच राहिलं नाही.

बिशपला राहिलं. त्याने दोरीला एक हिसका दिला, मान लांब केली आणि तिच्या बोटांतून तो रोल अलगद काढून घेतला.

ऑल्वेनने हात मागे घेतला नाही. रोल गिळून झाल्यावर त्याने तिची बोटं चाटली, तीही चाटू दिली. मग ती खालमानेने म्हणाली, "लॉरेन, जत्रेतलं ते टेबल भरलेलं नव्हतं."

"माहितीये," लॉरेन म्हणाली. ती हसली नाही. पण टोपलीतून एक कप काढून तिने तो ऑल्वेनपुढे धरला, चहा ओत म्हणून.

सगळं लगेच सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. पाटी निघाली, ती कुणी काढली हे कुणी विचारलं नाही. पोरांनी भुंकणं थांबवलं, पण लॉरेन म्हणते की अजूनही दुकानात शिरताना तिचे कान आधी आत जातात. लेनने जॅकेट संस्थेला परत केलं. त्यांनी फार आग्रह केला, त्याने ऐकलं नाही. फेरीला तो येतो, सगळ्यांच्या मागे चालतो, आणि प्रवचन सुरू झालं की खुर्चीच्या पाठीमागे जाऊन उभा राहतो, तिथून कुरण दिसत नाही. दुपारी लॉरेन शाळेत असते तेव्हा बिशपला फिरवायचं काम त्याचं. रस्त्यात लोक आधी कुत्र्याशी बोलतात आणि मग त्याच्याशी. तो म्हणतो, हेच बरोबर आहे.

पुढच्या वसंतात कर्ल्यू आला नाही. गवत उंच वाढलं, कुणी पाऊल टाकलं नाही, सगळं नियमाप्रमाणे झालं आणि आत कुणी नव्हतं. नाट्यगृहात दिवे लागलेत, पायघड्या घातल्यात आणि खुर्च्या रिकाम्या, असं ते कुरण दिसायचं. लेन परसामागच्या पायरीवर बसून असायचा. मी एक-दोनदा त्याच्याशेजारी बसलो.  ग्लेनिस आतून चहा आणून द्यायची आणि जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. एवढं तिने त्या वर्षात पहिल्यांदाच केलं, असं लेन म्हणाला.

त्याच्यानंतरच्या मे महिन्यात मी गावाबाहेरच्या गल्लीतून येत होतो. दोन्ही बाजूंना उंच कुंपणझुडपं, त्यांच्यापलीकडे शेतकऱ्यांची ओलसर कुरणं, राखीव वगैरे काही नाही. समोरून लेन आणि बिशप येत होते. तेवढ्यात हाक आली. खालून सुरू झालेली, बुडबुडत चढत गेलेली, वर जाऊन थरथरत राहिलेली. उजव्या हाताच्या झुडपांपलीकडून, अगदी जवळून. बिशपने कान टवकारले. लेनने दोरी आखूड केली. त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. त्याला आधीच कळलेलं होतं, कितीतरी दिवसांपासून.

"कुठे बसलाय रे?" मी विचारलं. राहवलं नाही.

लेनने माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. आभाळ इतकं निळं होतं की डोळे दिपावेत. एक ढग नव्हता.

"दुपारनंतर पाऊस येईलसं वाटतंय," तो म्हणाला.

मी म्हटलं, हो, येईलसं वाटतंय खरं.

त्याने टोपीला हात लावला आणि बिशपला घेऊन चालू लागला. झुडपांच्या कडेकडेने, त्या हाकेच्या जवळून, न थांबता, न वळता, गल्लीच्या पार टोकाच्या फाटकातून बाहेर.